बत्तीस रुपयांचा मतदार

भंडारदऱ्याच्या धरणाला ‘विल्सन डॅम’ म्हणतात, हे शनिवार-रविवारी येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. विल्सन कोण, असं विचारलं तर धरणाजवळच्या शेंडी गावच्या नाक्यावरचे गाईडही ‘इंग्रज गव्हर्नर’ एवढ्यावर भागवतात. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी सर लेस्ली विल्सन यांचा धंदा मतं मोजण्याचा होता. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ते हुजूर पक्षाचे मुख्य प्रतोद होते. आपल्या बाजूला किती डोकी, फुटणारी किती, आजारपणाचं निमित्त काढून घरी बसणारी किती, याचा हिशेब ज्याच्या खिशात असतो, तो माणूस. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी लंडनच्या कार्लटन क्लबात हुजूर खासदारांची गाजलेली बैठक झाली आणि लॉईड जॉर्ज यांचं संमिश्र सरकार गडगडलं. त्या बैठकीत विल्सन स्वतःच्या पक्षनेत्याविरुद्ध बोलले. गंमत पुढे आहे. महिनाभरात झालेल्या निवडणुकीत हे मतांचे हिशेबनीस स्वतःच पडले. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेस या मतदारसंघात एका अपक्ष हुजुरानं त्यांना हरवलं. मग पोर्ट्समथ साउथची जागा त्यांच्यासाठी रिकामी करून देण्यात आली, डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले आणि पुढच्या वर्षी मुंबईला गव्हर्नर म्हणून रुजू झाले.

१० डिसेंबर १९२६ रोजी याच विल्सनसाहेबांनी प्रवरेवरच्या धरणाचं उद्घाटन केलं. चुन्यात बांधलेली दगडी भिंत, उंची २७० फूट, त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत उंच. काम १९१०मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे सोळा वर्षं चाललं. उद्घाटनाच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबरात, मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची तिसरी निवडणूक होऊन गेली होती. भिंतीमागे पाणी चढत होतं, त्याखाली भाताची खाचरं जात होती आणि त्याच हंगामात इलाख्यात मतदानही चालू होतं. त्या नोव्हेंबरात या तलावाच्या काठावरचा कोण माणूस मत देऊ शकला असता?

याचं उत्तर शोधायला आधी समुद्राखाली गेलेल्या एका गावात जाऊ.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, डनिच नावाचं बंदर होतं. मध्ययुगात भरभराटीचं शहर. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या वादळांनी किनारा खाल्ला, बंदर गाळानं बुजलं, एकेक देऊळ, एकेक गल्ली समुद्रात गेली. उरलं ते मूठभर घरांचं खेडं. तरीही १८३२ सालापर्यंत डनिच पार्लमेंटवर दोन खासदार पाठवत राहिलं. विल्टशरमधल्या ओल्ड सेरमची तऱ्हा याहून पुढची: तिथं टेकडीवर कुणी राहतच नव्हतं, तरी दोन खासदार होते. गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला मात्र त्या काळात स्वतःचा एकही खासदार नव्हता. हक्क एकदा कागदावर चढला की माणसं उठून गेली तरी तो जागचा हलत नाही. आणि जिथं तो कागदावर चढलाच नाही तिथं माणसांनी कितीही गर्दी केली तरी उपयोग नाही. डनिच बुडालं आणि दोन खासदार राखून बसलं. आपल्या डांगाणातली, म्हणजे भंडारदऱ्याच्या डोंगरपट्ट्यातली, खाचरं बुडाली तेव्हा त्यांच्या बाजूनं कौन्सिलात हात वर करणारा कुणी या काठावरून निवडून गेलेला नव्हता.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात निवडणूक म्हणजे घरंदाज लोकांचा कारभार होता. इंग्लंडच्या परगण्यांत १४३०पासून नियम असा होता की वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची मालकीची जमीन असेल त्यालाच मत. चारशे वर्षांत शिलिंगाची किंमत पार घसरली, आकडा तोच राहिला, त्यामुळे मतदार आपोआप वाढत गेले. १८३२च्या सुधारणा कायद्यानं डनिच आणि ओल्ड सेरमचे खासदार काढून घेतले आणि शहरांत वर्षाला १० पौंड भाड्याच्या योग्यतेचं घर ही नवी अट घातली. इटली १८६१मध्ये एक झाला तेव्हा मतासाठी वय २५, वाचता-लिहिता येणं आणि ४० लिरा कर लागत होता. मतदार निघाले लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर. प्रशियात तर मतदारांचे कराप्रमाणे तीन वर्ग पाडले. एकूण कराचा पहिला तिसरा हिस्सा भरणारे थोडे बडे लोक पहिल्या वर्गात, आणि त्या वर्गाचा निवडीतला वाटा तिसऱ्या वर्गातल्या हजारो कामगारांएवढाच. एसेन शहरात एक काळ असा आला की नगरपालिकेसाठी पहिल्या वर्गात एकटे क्रुप, तोफांचे कारखानदार, उरले. म्हणजे नगरसेवकांचा तिसरा हिस्सा एक माणूस निवडायचा. प्रचारसभा घ्यायची तर ती त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच घ्यायला हवी होती.

फ्रान्सची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १८३१च्या कायद्यानं वर्षाला २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्यालाच मत, आणि उमेदवार व्हायचं तर ५०० फ्रँक. सव्वातीन कोटींच्या देशात मतदार सुरुवातीला पावणेदोन लाखही भरले नाहीत. अट खाली आणा म्हणणाऱ्यांना मंत्री गिझो यांचं उत्तर ठरलेलं असे: कष्ट करा, शिल्लक टाका, श्रीमंत व्हा, म्हणजे मत आपोआप मिळेल. राजकीय सभांवर बंदी होती, म्हणून विरोधकांनी मेजवान्या काढल्या. वर्गणी भरायची, जेवायचं, आणि जेवणानंतर मताधिकारावर भाषणं ठोकायची. फेब्रुवारी १८४८मध्ये पॅरिसमधल्या अशाच एका मेजवानीवर सरकारनं बंदी घातली आणि दोन दिवसांत राजा लुई फिलिप गादी सोडून पळाला. एका जेवणावळीपायी राज्य गेलं. मार्चच्या सुरुवातीला सगळ्या सज्ञान पुरुषांना मत देण्याचा हुकूम निघाला. अडीच लाखांच्या आतले मतदार एका रात्रीत नव्वद लाखांच्या वर गेले. (बायका नाहीत. त्यांना तिथं १९४४ उजाडावं लागलं.) २३ एप्रिल १८४८, ईस्टरचा रविवार, या दिवशी गावंच्या गावं रांगेनं मतदानाला गेली.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २ मे १८४८ रोजी, ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी झाली. राघोजी भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी. पेशवाई गेल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या राखणदारीची जुनी वतनं आणि हक्क आटले, सारा रोखीत मागितला जाऊ लागला, सावकारांचा फास बसला, आणि या पट्ट्यात बंडं उठली. राघोजींचे वडील रामजीही बंडात उतरले होते. राघोजींना पंढरपुरात पकडलं. पॅरिस आणि देवगाव यांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही; देवगावात फ्रान्सचं नावही कुणी ऐकलं नसेल. पण तारखा शेजारी ठेवल्या की एक दिसतं. कराचा बोजा आणि सत्तेतला वाटा हा एकच वाद दोन्हीकडे पेटला होता. तिकडे तो मतपेटीत गेला, इकडे फासावर.

आपल्या मुलखात युरोपी पार्लमेंटची निवडणूक कधी झालीच नाही असं मात्र नाही. गोव्यात झाली. पोर्तुगालमध्ये १८२०च्या क्रांतीनंतर लिस्बनला नवी संसद बसली आणि तिच्यात वसाहतींनाही जागा मिळाल्या. १८२२मध्ये गोव्यातून तीन प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत नेवऱ्याचे बेर्नार्द पेरिस द सिल्व आणि मडगावचे कोंस्तांसिउ रोक द कोश्त हे दोन गोंयकार. पुढच्याच वर्षी लिस्बनमधली ती संसद मोडीत निघाली. तरी वाट पडली. १८६०मध्ये नावेलीचे फ्रांसिस्कु लुईस गोमिश लिस्बनच्या संसदेवर गेले आणि तिथं वसाहतींच्या हक्कांवर बोलले. हे सारं पोर्तुगीज जाणणाऱ्या, बहुतेक ख्रिस्ती, जमीनदार घरांपुरतं होतं. तरीही मुंबई-पुण्याला ‘कौन्सिल’ हा शब्द नीट रुळायच्या आधी गोव्यात उमेदवार, गट आणि निवडणुकीच्या मारामाऱ्या होत्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतून कसं निसटतं कोण जाणे.

आता परत भंडारदऱ्याच्या नगर जिल्ह्यात.

सातबाराचा उतारा कुणाच्याही घरी असतो. त्यावर गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, पिकं पाहिली जातात. बँकेत तेवढंच विचारतात. क्षेत्राच्या खाली एक ओळ असते, ‘आकारणी’. पुढे दोन-चार रुपये आणि काही पैसे. आज त्या ओळीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण एके काळी माणूस मतदार आहे की नाही, ते ह्या ओळीवर ठरलं.

हा आकार आला कुठून? १८३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापुरापासून नव्या पैमाशीला सुरुवात केली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. शेताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात मातीची खोली पाहायची. पावणेदोन हात खोल, चांगल्या पोताची काळी माती निघाली तर ती सोळा आणे जमीन. खोली पाव-पाव हातानं उतरत जाईल तसे आणे उतरत जायचे. त्यानंतर दोष मोजायचे. विंगेटच्या पद्धतीत असे सात दोष होते: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, जमिनीचा उतार, मातीचा सुटेपणा, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्यानं धुपून जाणं आणि पाणी साचणं. एकेका दोषाला जमीन एकेक प्रतीनं खाली. पैमाशीचा कारकून शेताच्या नकाशावर प्रत्येक दोषाची खूण करायचा आणि शेवटी सरासरी काढून आणे लावायचा. भाताच्या खाचरांना वेगळा हिशेब होता, पण नागली, वरई, खुरासणीच्या वरकस जमिनीला हाच.

आता हे सात दोष मनात धरून तलावाकाठच्या रतनवाडीहून घाटघरच्या दिशेला जरा चालून बघा. उतार आहेच; माळावर बैल उभा राहिला तरी एका अंगाला कलतो. धुपून जाणं आहे. इथला पाऊस माती ठेवतच नाही. खोली हातभर लागली तर नशीब. पैमाश करणाऱ्याचं काही चुकलं नाही. उलट त्यानं कमी आकार लावून शेतकऱ्याचं भलंच केलं, कारण आकार कमी म्हणजे सारा कमी. एकरी काही आण्यांवर भागायचं. पण ही मोजणी साऱ्यासाठी होती, आणि पुढे कधीतरी ती माणसं मोजायला वापरली जाईल असं त्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल. शेताच्या उताराचा दोष मालकाच्या नावावर जमा झाला तो नंतर.

नगर जिल्ह्यानं पहिली राजकीय निवडणूक पाहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आणि तीही फार लांबून. १८९२च्या कायद्यानं प्रांतिक कौन्सिलात काही जागा लोकांच्या शिफारशीनं भरायचं ठरलं. ‘निवडणूक’ हा शब्द कायद्यात घालायची सरकारची तयारी नव्हती. स्थानिक संस्था नाव सुचवणार आणि गव्हर्नर नेमणूक करणार. मुंबई इलाख्याच्या मध्य भागाला, म्हणजे पुणे, नगर, नाशिक, खानदेश, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या लोकल बोर्डांना मिळून, एक जागा होती. खालपासून पाहिलं तर उतरंड अशी: गावांच्या गटातले ठरावीक खातेदार तालुका बोर्डावर माणूस पाठवणार, इनामदारांची वेगळी जागा, बाकीचे सरकारनियुक्त, तालुका बोर्डातून जिल्हा बोर्ड, आणि जिल्हा बोर्डांच्या मतांवर कौन्सिलचा एक सभासद. लाखो शेतकऱ्यांचा प्रतिनिधी एका दिवाणखान्यात मावतील इतकी माणसं ठरवत होती. बोर्डांचा खर्च मात्र साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून सगळ्या शेतकऱ्यांकडून वसूल होत होता.

१८९५मध्ये या जागेवर टिळक निवडून आले. शेतकऱ्यांनी नव्हे, बोर्डांतल्या सभासदांनी निवडलेले. पण टिळक ‘केसरी’तून बोलत होते ते थेट शेतकऱ्याशी, आणि १८९६च्या दुष्काळात त्यांनी अन् सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन दुष्काळ संहितेतले हक्क समजावून सांगितले: पीक बुडालं असेल तर सारा तहकूब करून मागा, घरदार विकून भरू नका. ज्यांचं मत त्यांना कधी लागलंच नव्हतं, अशा लोकांसाठी हा माणूस भांडत होता. सरकारला हेच खटकलं. १८९७मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. पुढे १८९९मध्ये याच जागेवरून गोखले गेले. १९०१मध्ये शेतकऱ्याच्या जमीनविक्रीच्या हक्कावर बंधन घालणारं जमीन महसुलाचं विधेयक आलं तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि इतर सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. विधेयक व्हायचं ते मंजूर झालंच. सरकारी बाकांवरची डोकी कायमच जास्त होती. तिथं प्रतोदाची गरजच नव्हती.

याच सुमाराला लंडनमध्ये एक विचित्र प्रकार घडला. १८९२च्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, मोजणीत अवघ्या पाच मतांनी. १८८४च्या कायद्यापर्यंत इंग्लंडात घरमालक आणि बरेचसे भाडेकरू पुरुष मतदार झाले होते, त्यात फिन्सबरीतले घड्याळजी आणि कारागीर होते. मुंबईच्या माणसाला खासदार करायचं की नाही हे लंडनचा घड्याळजी ठरवू शकत होता. मुंबईच्या घड्याळजीला तो अधिकार नव्हता.

धरणाचं काम निम्म्यावर आलं असताना नियम बदलले. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला लॉर्ड साउथबरो यांची समिती हिंदुस्थानात आली. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत तिच्यापुढे सिडनहॅम कॉलेजातल्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाची साक्ष झाली, भीमराव आंबेडकर यांची. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्यांना जमीन घेऊ दिली नाही, धंदा करू दिला नाही, त्यांच्याकडे मालमत्तेची अट मागणं म्हणजे दार लावून घेऊन ‘आत या’ म्हणणं. अस्पृश्यांसाठी अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या. त्याच समितीपुढे विठ्ठल रामजी शिंदे यांचीही साक्ष झाली. समितीनं ऐकून घेतलं आणि अट ठेवली ती मालमत्तेचीच. मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात बत्तीस रुपये किंवा त्याहून जास्त आकाराची जमीन असेल तर मत. पंचमहाल, रत्नागिरी अशा थोड्या जिल्ह्यांत सोळा. शिवाय प्राप्तिकर भरणारे, आणि फौजेतून निवृत्त झालेले शिपाई.

आकडेमोड करून पाहू. एकरी सरासरी आठ आणे आकार धरला तर बत्तीस रुपयांना ६४ एकर लागतात. चांगल्या काळ्या जमिनीला एकरी दीड रुपया धरला तर साडेएकवीस एकरांत माणूस मतदार होतो. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण तऱ्हा हीच. सपाटीवरचा बरा बागाईतदार मतदार, डांगाणातला त्याच्या अडीचपट रान राखणाराही बाहेर. एकाच मातीत राबणारे दोघं, पण एकाची माती पावणेदोन हात खोल निघाली.

या नियमात एक फट होती आणि ती मला आवडते. निवृत्त शिपायाला जमिनीची अट नव्हती. नगर जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धात पुष्कळ माणसं फौजेत गेली होती. मेसोपोटेमियाहून परतलेला माणूस, घरी दोन एकर जिराईत, वर सावकाराचं देणं, तरी मतदार. आणि त्याला रोजानं लावणारा गावचा पुढारी कदाचित बत्तीसच्या खाली. गावात हे कसं पचवलं असेल, याची कल्पना करायला मजा येते.

बाकी ठिकाणी मजेला फारसा वाव नव्हता. १९२०मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कौन्सिलांचे मतदार पन्नास-साठ लाखांच्या घरात होते. त्यातही काँग्रेसनं बहिष्कार घातला. मुंबई कौन्सिलात मराठा आणि त्यांच्या जोडीच्या जातींसाठी सात जागा राखीव होत्या. ब्राह्मणेतर चळवळीचं ते एक यश, आणि त्यातून इलाख्याच्या राजकारणाचा तोंडवळा पुढे खरंच बदलला. डोंगरातल्या जमातींसाठी वेगळी जागा नव्हती. १९२१मध्ये मुंबई कौन्सिलनं ठराव करून बायकांवरची बंदी उठवली, पण बत्तीस रुपयांची अट त्यांनाही होतीच, आणि बाईच्या नावावर जमीन म्हणजे बहुतेक ती विधवा. विल्सनसाहेबांच्या स्वतःच्या देशात तरी काय होतं? १९२६मध्ये तिथंही तिशीच्या आतल्या बाईला मत नव्हतं. ते १९२८मध्ये मिळालं.

अशा कौन्सिलच्या काळात हे धरण पुरं झालं. १९०१च्या पाटबंधारे आयोगानं दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यासाठी अशी मोठी साठवण सुचवली होती, आणि गरज खरी होती. १८७७चा आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा दुष्काळ नगरनं पुरेपूर भोगला होता. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी नदीनं खाली जातं, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूरकडे वळतं. तिकडे ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना काढला. राज्याच्या राजकारणात पुढे नगरच्या साखरपट्ट्याचा आवाज किती मोठा झाला, ते सांगायला नको. पाणी ज्या दिशेला गेलं त्याच दिशेला मतंही गेली. आधी मतं होती म्हणून पाणी गेलं की पाणी गेलं म्हणून मतं वाढली, यावर लोणी आणि शेंडीत आजही वेगवेगळी उत्तरं मिळतील. उताराचा मात्र दोन्हीकडे हात आहे. पाणी उतारानं जातं, आणि उतार हा विंगेटच्या यादीतला दोष.

मत नसलेल्यांकडे दुसरं काय होतं, हे त्याच वर्षांत मुळशीनं दाखवलं. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या मावळ्यांनी एप्रिल १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली कामावर बसून सत्याग्रह केला. धरण झालंच, पण मुळशीचं नाव आजही घेतलं जातं. प्रवरेच्या डोंगरातून जे उठून गेले त्यांच्यासाठी असा कुणी सेनापती आला नाही.

१९३५च्या कायद्यानं अट बत्तीसवरून आठ रुपयांवर आली. १९३७च्या निवडणुकीत मतदार देशभरात तीन कोटींच्या वर गेले. मुंबईच्या १७५ जागांच्या विधानसभेत ‘मागास क्षेत्रं आणि जमाती’ यांच्यासाठी जागा ठेवली ती अख्ख्या प्रांतात मिळून एक. नगर दक्षिणमधून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम निवडून आले. साउथबरो समितीपुढच्या साक्षीला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. आज या काठावरच्या वाड्या अकोले मतदारसंघात आहेत आणि तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

गेल्या हिवाळ्यात शेंडीला ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या घरातल्या आजोबांकडे त्यांच्या आज्याच्या नावचा जुना उतारा निघाला. भावकीच्या वादात कधीतरी अकोल्याच्या तहसिलीतून नक्कल काढली होती, ती पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेली. आकाराच्या रकान्यात बोरूनं लिहिलं होतं: ५-१२-०. पाच रुपये बारा आणे.

मी त्यांना बत्तीसची गोष्ट सांगितली, मग आठची. ते बोटं मोजत थोडा वेळ गप्प राहिले.

“मंग पह्यल्या टायमाला तर आज्याचं नावच नसंल,” ते म्हणाले. “आन् दुसऱ्या टायमाला, सर, सव्वादोन रुपयं कमी पडलं.”

“सव्वादोनच.”

“सव्वादोन म्हंजी तवा लई व्हते,” असं म्हणून त्यांनी कागद पुन्हा घडीवरच घातला आणि सुनेला चहात साखर जास्त टाकायला सांगितलं.